निरोप पोचला का?

आमच्या लहानपणी घरातून कोणी परगावी जायला निघाले, की त्याच्या पिशवीत दशम्यांच्या शेजारी एक पोस्टकार्ड हटकून असायचे. पत्ता आधीच घातलेला. मजकुराचीही चिंता नसे. ‘सुखरूप पोचलो, काळजी नसावी.’ पाहुण्याच्या ओसरीवर टेकण्यापूर्वी हे कार्ड पेटीत पडलेच पाहिजे, अशी आमच्या आजीची सक्त ताकीद असे. मग चार दिवस दर दुपारी ती पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसे. आता कार्ड आलेच नाही, तर काय समजायचे? माणूस पोचला नाही, की माणूस पोचला आणि कार्ड पोचले नाही? की दोन्ही पोचली, पण कार्ड शेजारच्या वाड्यात टाकून पोस्टमन पुढे गेला? आजीपाशी या प्रश्नाला एकच उपाय होता. देव पाण्यात घालून ठेवणे!

या घरगुती प्रश्नावर एक अख्खे शास्त्र उभे आहे, हे मला सत्तरी उलटल्यावर कळले, आणि तेही माझ्या नातीकडून. ती संगणकाच्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. यंदा तिला ‘वितरित संगणक प्रणाली’ या नावाचा विषय होता. हे नाव ऐकून मी जरा दबकतच विचारले, “म्हणजे काय गं असते?”

“पुष्कळ संगणक असतात, आबा. एकमेकांपासून लांब. प्रत्येकाची आठवण वेगळी, प्रत्येकाचे घड्याळ वेगळे. बोलायचे ते फक्त निरोप पाठवून. आणि एवढे असूनही बाहेरच्या माणसाला वाटले पाहिजे, की हे सगळे मिळून एकच आहे.”

“अगबाई, मग हे आमचे एकत्र कुटुंबच की!” स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली. चाळीस वर्षांच्या अनुभवाचे बोल ते! त्यावर भाष्य करण्याचे धाडस मी केले नाही.

एकच मोठे, भक्कम यंत्र का ठेवीत नाहीत, असेही मी विचारून पाहिले. तर म्हणे, ते बंद पडले की सगळेच बंद. शिवाय एकाच्या अंगावर किती भार घालायचा? अनेक लहानांनी मिळून मोठे काम उरकायचे, ही कल्पना पुण्याला नवी नाही. १९८८ साली आमच्याच पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तिथे ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. चौसष्ट लहान संगणक-चकत्या एकमेकींना निरोप देत एकच गणित सोडवीत. पण त्या सगळ्या निदान एका छपराखाली नांदत होत्या. एक पुण्यात, दुसरा मुंबईत, तिसरा सिकंदराबादेत असे बिऱ्हाड थाटले, की मग खरी कटकट सुरू होते. निरोप उशिरा पोचतात, हरवतात, कधी दोनदा पोचतात. आणि समोरचा गप्प असला, तर तो मेला, झोपला, की नुसता कामात आहे, हे कळायला काही मार्ग नसतो.

चैत्र आला. आमचे कुलदैवत सोनारीचा काळभैरवनाथ. आपण ज्याला उस्मानाबाद म्हणत आलो त्या, आताच्या धाराशिव जिल्ह्यात परंडा तालुक्यात हे गाव आहे. नातीची परीक्षा तोंडावर आलेली, पण कुळाचार चुकवायचा नाही यावर सौ. ठाम. शेवटी तडजोड झाली. नात पुस्तक घेऊन गाडीत बसली, आणि पुण्यापासून सोनारीपर्यंत आम्हा सर्वांचाच अभ्यास झाला!

कुर्डुवाडीला रेल्वे दिसली, तशी मला माझ्या मामांची आठवण झाली. ते एकेरी मार्गावरच्या एका लहानशा स्टेशनचे मास्तर होते. मार्ग एक आणि गाड्या दोन्ही दिशांनी येणाऱ्या. मग दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत यासाठी एक लोखंडी गोळा असायचा. दोन स्टेशनांतली यंत्रे अशी जोडलेली, की एका वेळी दोहोंपैकी एकातूनच एक गोळा बाहेर निघे. ज्या ड्रायव्हरच्या हाती गोळा, त्यालाच पुढे जायची मुभा. मामा वेताच्या कड्यात अडकवलेला तो गोळा घेऊन फलाटावर उभे राहत आणि ड्रायव्हर चालत्या इंजिनातून हात बाहेर काढून तो झेलत असे. हे मी सांगताच नातीने पुस्तकाचे एक पान माझ्यापुढे धरले. एक वस्तू, मागणारे अनेक, आणि एका वेळी ती एकालाच मिळावी म्हणून हातोहात फिरणारी एक खूण! त्या पानात इंजिनाचा धूर तेवढा नव्हता.

“आणि तो गोळा हरवला तर?” तिने विचारले.

“तर दोन्ही मास्तरांनी एकमेकांना विचारून खात्री करायची आणि मग कागदी परवाना द्यायचा. गाडी खोळंबते. पण माणसे जिवंत राहतात.”

“हेच, आबा! जेव्हा खात्री नसते, तेव्हा थांबायचे की चुकायची जोखीम घेऊन पुढे जायचे, हे आधीच ठरवून ठेवावे लागते.”

रेल्वेचीच गोष्ट निघाली म्हणून तिकिटांचीही सांगतो. वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल, की मधल्या स्टेशनाला गाडीतल्या ठरावीक जागांचा कोटा असे आणि परतीच्या आरक्षणासाठी तार करावी लागे. कोट्याची सोय अशी, की मास्तरांना कोणाला काही विचारावे लागत नसे. आपल्या वाट्याच्या जागा आपण द्याव्यात. गैरसोय अशी, की एका गावच्या जागा रिकाम्या जात आणि दुसऱ्या गावची माणसे सामान घेऊन उभी राहत. १९८५ साली दिल्लीला संगणकावर आरक्षण सुरू झाले, आणि १९९९ साली दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाच केंद्रे एकमेकांस जोडली गेली. मग पुण्याच्या खिडकीवरून हावड्याहून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट मिळू लागले. पण आता प्रत्येक जागेसाठी निरोप जायला हवा आणि उत्तर यायला हवे. विचारत बसले तर वेळ जातो; न विचारता दिले तर एकाच बाकावर दोन माणसे बसतात. या शास्त्रातला निम्मा संसार या दोन टोकांमधला आहे, असे नातीचे म्हणणे.

पुढे परंडा लागले. किल्ल्याचा खंदक आणि बुरूज पाहून माझ्यातला इतिहासाचा शिक्षक जागा झाला. विजापूरची ‘मुलूख मैदान’ तोफ पूर्वी इथलीच, १६३२ साली ती तिकडे नेली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६३४ साली, शहाजहानचा मुलगा शाह शुजा आणि महाबतखान यांनी या किल्ल्याला वेढा दिला. फौजफाटा मोठा होता. पण सरदारांचे आपसांत पटेना, आणि जनावरांना आसपास वैरण उरेना. शेवटी वेढा उठवून मोगलांना बऱ्हाणपूरच्या वाटेला लागावे लागले.

नात म्हणाली, “आबा, समजा त्यांचे पटत होते. तरी एक अडचण आहेच. दोन सेनापती किल्ल्याच्या दोन बाजूंना आहेत. दोघांनी एकदम हल्ला केला तर जय, एकट्याने केला तर नाश. पहिल्याने जासूद पाठवला, ‘उद्या पहाटे’. जासूद वाटेत सापडला तर? म्हणून दुसऱ्याने पोच द्यायची. पण ती पोच घेऊन येणारा जासूद सापडला तर? तेव्हा पोचेचीही पोच हवी.”

“मग पोचेच्या पोचेची पोच!”

“कधीच संपत नाही ते. समजा, अमुक इतके निरोप पुरतात असे ठरले. त्यातला शेवटचा निरोप वाटेत हरवू शकतो, आणि तो हरवला तरी बेत पार पडला पाहिजे. म्हणजे त्याच्यावाचून भागते. मग तो पाठवायचाच कशाला? तो काढून टाका. आता त्याच्या आधीचा शेवटचा झाला, तोही काढा. असे करत करत एकही निरोप उरत नाही. आणि एकही निरोप न पाठवता बेत कसा ठरणार?”

मी थक्क झालो. हे कोडे १९७५ साली एका शास्त्रीय लेखात प्रथम आले आणि १९७८ साली जिम ग्रे नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याला दोन सेनापतींचे नाव दिले. आमच्या आजीने पोस्टकार्डावरून ते त्याही आधी ओळखले होते. फक्त लेख लिहिला नाही! आणखी एक गोष्ट नातीने सांगितली. १९८२ साली लेस्ली लॅम्पोर्ट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी फितुरीचा हिशेब मांडला. तोंडी निरोपांवर काम चालत असेल आणि सेनापतींत एक फितूर असेल, तर तिघांत मिळून बाकीच्यांना एकमत करता येत नाही. निदान चौघे लागतात. शाह शुजाच्या छावणीत हे पुस्तक असते, तरी त्याचा उपयोग झाला असता असे मात्र वाटत नाही.

सोनारीला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. यात्रेची गर्दी, ‘भैरवनाथाच्या नावानं चांगभलं’चा गजर, आणि शिखरापासून गाड्यांच्या टपापर्यंत सगळीकडे माकडे. त्यांची नजर भाविकांच्या हातांवर असते, आणि भाविकांची त्यांच्यावर. नारळ, हार, बत्तासे आणि माकडांसाठी फुटाणे असे सामान आम्ही रस्त्याकडेच्या एका बाईंकडून घेतले. तीनशे चाळीस रुपये झाले. चिरंजीवांनी मोबाइल काढून पाटीवरच्या चौकोनी ठिपक्यांसमोर धरला. त्या छोट्या पडद्यावर एक चक्र फिरू लागले आणि फिरतच राहिले. एवढ्या गर्दीत सगळ्यांचेच मोबाइल एकदम बोलत होते. थोड्या वेळाने संदेश आला, खात्यातून तीनशे चाळीस रुपये वजा झाले.

“गेले हो पैसे,” चिरंजीव म्हणाले.

“तुमच्याकडनं गेलं आसतील,” बाई म्हणाल्या, “माज्याकडं आलं न्हाईत.”

दोघांचेही खरे होते. मला वाटते, या विषयाचा पहिला धडा हाच असावा. एका ठिकाणचे सत्य दुसऱ्या ठिकाणी अजून पोचलेले नसते, आणि तोवर दोन्ही सत्ये सुखाने शेजारी नांदतात. चिरंजीव पुन्हा पैसे पाठवायला निघाले, तशी नातीने त्यांचा हात धरला. यंत्रे आपापसांत एखादी विचारणा पुन्हा करतात तेव्हा तिच्यावर जुनाच क्रमांक असतो. यूपीआयच्या प्रत्येक देवघेवीला असा बारा आकडी क्रमांक मिळतो. दहादा विचारले तरी क्रमांक एकच असला, की काम एकदाच धरायचे. पण आपण नव्याने पैसे पाठवले तर क्रमांक नवा, आणि पैसे दोनदा जायचे.

बाईंचे खाते मुलाच्या नावावर होते. मुलगा चाकणला कंपनीत, पाळीवर, फोन उचलीना. मग बाईंनी काय केले ते पाहण्यासारखे होते. तागडीखालून त्यांनी एक शाळकरी वही काढली आणि नातीच्या हाती पेन दिले. “लिव बाय. तीनशे चाळीस. निळी गाडी. टेंपोवाल्याच्या नंतर.”

मी वहीत डोकावलो. वेळ कुठेच लिहिलेली नव्हती. ‘बारामतीच्या बायकांच्या आधी’, ‘दोन फेट्यांच्या नंतर’ अशा नोंदी. नातीचा चेहरा उजळला. लांबलांबच्या घड्याळांचा मेळ बसत नाही. तेव्हा किती वाजता झाले हे विचारण्याऐवजी कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर झाले, एवढे नीट सांभाळावे, असे त्याच लॅम्पोर्टने १९७८ साली दाखवून दिले आहे. या बाईंच्या पाटीवर घड्याळ नव्हते, त्यामुळे त्यांना ते दाखवावे लागले नाही.

“रातीला पोरगं सुटलं, की फोनवर एकेक सांगती आन् त्यो जुळवून बगतो,” बाई म्हणाल्या. “काल सहा जणांचं आलंच न्हाई. दोघांनी तर जुनाच कागूद दाखिवला मोबाइलात.” फितूर सेनापती इथेही होते तर!

मी पाकिटातून रोख तीनशे चाळीस काढून पुढे केले. बाईंनी ते घेतले, पण गल्ल्यात टाकले नाहीत. तागडीच्या पाटाखाली वेगळे सरकवून ठेवले. म्हणाल्या, “ह्ये तुमचं बी न्हाई, माजं बी न्हाई. दर्शन करून या. तवर पोराचा फोन आला आन् पैसं जमा झालं आसलं, तर ह्ये परत घ्या.” ‘तयार आहे’ म्हणायचे, पण सर्वांचा होकार येईतोवर पक्के करायचे नाही, या रीतीवर नातीच्या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे. तिने ते मला नंतर वाचून दाखवले. बाईंनी ते एका वाक्यात संपवले होते.

दर्शन झाले. फुटाणे माकडांनी आमच्या संमतीची वाट न पाहता घेतले. परत आलो तरी चाकणचा फोन नव्हता, आणि आम्हाला उजेडात निघणे भाग होते. बाईंनी पाटाखालच्या नोटा उचलून गल्ल्यात टाकल्या, वहीत नातीकडून एक फुली मारून घेतली आणि चिरंजीवांचा नंबर लिहून घेतला, “आलंच तर कळवीन.”

पैसे तिकडे पोचलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आपोआप चिरंजीवांच्या खात्यात परत आले. वाटेत कुठला निरोप कुठे अडखळला, ते आम्हाला कळले नाही, आणि कळून उपयोगही नव्हता. रिझर्व्ह बँकेने २०१९ साली यासाठी मुदत घालून दिली आहे. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यावेत. दुकानदाराच्या देवघेवीत पाच दिवसांपर्यंत. आणि मुदत टळली तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई. व्यवस्था चोख आहे. कोणाच्या खात्यातला एक पैसाही हवेत विरला नाही.

पण त्या रात्री मला झोप लागेना. मी मनाशी हिशेब करीत होतो. समजा, माझ्या पाकिटात रोख नसती. आमच्या मोबाइलवर ‘वजा झाले’ असा संदेश होता, आणि तो खोटा नव्हता. आम्ही निर्धास्त मनाने नारळ घेऊन निघालो असतो. दुसऱ्या दिवशी पैसे आमच्याकडे परत आले असते, आणि यंत्रांच्या हिशेबात सारे काही बिनचूक ठरले असते. फक्त नारळ देवापुढे फुटलेले, फुटाणे माकडांच्या पोटात, आणि बाईंच्या वहीत एक ओळ जास्त! नियमाने परतावा येतो तो पाठवणाऱ्याकडे. माल देऊन बसलेल्याचा माल कसा परत यावा?

ही गोष्ट मी नातीला सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आबा, पुस्तकात असे सांगतात, की शंका पूर्ण घालवता येत नाही, ती कोणीतरी सांभाळायची असते. कोणी, ते रचना करणारा ठरवतो.” मला वाटते, तिच्या परीक्षेत हा प्रश्न यायला हवा होता. शंका नाहीशी होत नाही. उतारावरच्या पाण्यासारखी ती खाली खाली सरकते आणि ज्याला थांबायला सवड नाही, उलट विचारायला वाचा नाही, अशा माणसाच्या पाटीपाशी साचते. यंत्रे बनवणाऱ्या मुलामुलींनी कागदावर चौकोन आणि बाण काढताना शेवटच्या चौकोनात त्या बाईंना बसवून पाहावे. त्यांच्यापर्यंत उत्तर वेळेवर पोचते का, आणि नाही पोचले तर त्यांच्या हाती वहीखेरीज काय उरते? नातीने पुस्तकाच्या आतल्या पानावर पेन्सिलीने ‘निळी गाडी, टेंपोवाल्याच्या नंतर’ असे लिहून ठेवले आहे. तिच्या प्राध्यापकांना त्याचा अर्थ लागणार नाही.

माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. भाजीवाला असो की चांभार, मोबाइलवरून पैसे दिले की मी जागचा हलत नाही. समोरचा माणूस “आले” असे स्वतःच्या तोंडाने म्हणेपर्यंत उभा राहतो. मंडईत त्यामुळे माझ्या मागे रांग खोळंबते. परवा एक तरुण माझ्या पाठीमागे उभा राहून सोबत्याला जरा मोठ्यानेच म्हणाला, “या म्हाताऱ्याला काही पोच नाही रे!”

मी वळून त्याला म्हणालो, “अगदी बरोबर बोललास. तिच्यासाठीच तर थांबलोय!”